२०३६च्या यजमानपदाची वाट पाहू नका : भारतीय बास्केटबॉल महासंघाला खुले पत्र

भारतीय बास्केटबॉल महासंघाचे माननीय अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

भारताने २०३६च्या ऑलिम्पिकचे यजमानपद मागितले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तसे इरादापत्र आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीकडे गेले आणि तेव्हापासून बास्केटबॉलच्या लोकांमध्ये एक बोलणे सारखे कानावर पडते. यजमानपद मिळाले की आपला संघ आपोआप ऑलिम्पिकमध्ये, मग आताच्या पात्रता फेऱ्यांत काही का होईना. मी शाळेच्या मुलामुलींना हा खेळ शिकवतो. प्रशिक्षकांच्या शिबिरात मी हे ऐकले आहे, सामन्याआधी स्कोअररच्या टेबलाशेजारी ऐकले आहे, पालकांच्या तोंडूनही ऐकले आहे. महासंघात कुणाचा असा समज असेल तर तो वेळीच दूर व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बास्केटबॉलमध्ये यजमानाची जागा गृहीत धरता येत नाही. लंडन ऑलिम्पिकच्या वेळी ग्रेट ब्रिटनला ती मागून घ्यावी लागली होती. तुमचा संघ या पातळीवर उभा राहू शकतो हे आधी दाखवा, अशी फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची भूमिका होती. मार्च २०११ मध्ये मतदान झाले आणि १७ विरुद्ध ३ मतांनी ब्रिटनला प्रवेश मिळाला. टोकियोची कथा तर याहून कडक आहे. जपानमध्ये पुरुषांच्या दोन प्रतिस्पर्धी लीग होत्या आणि त्यांचे मनोमिलन काही होत नव्हते. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिबाने जपानच्या संघटनेलाच निलंबित केले. ऑलिम्पिकचे यजमानपद त्याआधीच टोकियोला मिळालेले होते, तरी कुणी भीड ठेवली नाही. महिला संघ तेव्हा आशियात अव्वल होता, पण संघटनेवरच्या बंदीची टांगती तलवार त्याच्याही डोक्यावर आली.

पुढे काय झाले ते मला सविस्तर सांगायचे आहे, कारण आपल्यासाठी सगळे त्यातच आहे. फुटबॉलची जे-लीग उभी करणारे साबुरो कावाबुची यांच्याकडे सूत्रे दिली गेली. त्यांनी काही महिन्यांत दोन्ही लीगना एका टेबलाशी आणले. ऑगस्ट २०१५ मध्ये निलंबन उठले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दोन्हींची मिळून एकच बी-लीग सुरू झाली. यजमान म्हणून ऑलिम्पिकची जागा पक्की व्हायला मात्र मार्च २०१९ उजाडले. बरे, लीग आली म्हणून लगेच विजय आले, असेही नाही. २०१९च्या विश्वचषकात जपान पाचही सामने हरला. टोकियोत घरच्या कोर्टवर तिन्ही सामने हरला. आपल्याकडे असे झाले असते तर प्रशिक्षक बदलला असता, शिबिराची जागा बदलली असती आणि प्रायोजक निघून गेला असता. तिकडे लीग चालूच राहिली. प्रत्येक संघ मोसमात ६० सामने खेळत राहिला.

२७ ऑगस्ट २०२३, ओकिनावा. विश्वचषकात समोर फिनलंड. त्यांच्याकडे एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणारा, सात फूट उंचीचा लाउरी मार्कानेन. जपान १८ गुणांनी मागे पडला होता. तिथून युकी कावामुराने सामना हातात घेतला. या पोराची उंची १७२ सेंटिमीटर, आपल्या कुठल्याही शाळेच्या संघात सहज खपून जाईल अशी. मार्कानेन समोर उडी मारायला उभा असताना तो त्याच्या डोक्यावरून तीन गुणांचे शॉट टाकत होता. जपानने तो सामना ९८-८८ असा जिंकला. २ सप्टेंबरला केप व्हर्देला हरवून आशियातला सर्वोत्तम संघ म्हणून २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकचे तिकीट काढले. स्वतःच्या बळावर पात्र ठरायला त्यांना १९७६ नंतर इतकी वर्षे लागली. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी यजमान फ्रान्सला ओव्हरटाइमपर्यंत ताणले. कावामुरा बी-लीगमध्ये घडलेला खेळाडू आहे. अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत शांत राहायचे हे त्याला शिबिरात कुणी शिकवलेले नव्हते. दर आठवड्याच्या शेवटी तो तेच करत आला होता.

ब्रिटनचे पुढे काय झाले, हेही पाहावे. लंडनमध्ये त्यांनी चीनला हरवले, बाकी सामने गमावले. २०१४ मध्ये यूके स्पोर्टने, म्हणजे खेळांना सरकारी पैसा देणाऱ्या तिथल्या संस्थेने, बास्केटबॉलचा निधी काढून घेतला. त्यानंतर ब्रिटनचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये दिसलेला नाही. यजमान म्हणून मिळालेली जागा एका पंधरवड्यापुरती होती.

आता आपले बघू. भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये एकदाच खेळला, १९८० साली मॉस्कोत. तोही बहिष्कारामुळे आपल्या वरच्या आशियाई संघांनी जागा मोकळ्या केल्या म्हणून. बारा संघांत आपण बारावे आलो. अजमेर सिंगसारखा खेळाडू त्या संघात होता आणि त्या पिढीच्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पात्रता फेरी जिंकून भारत ऑलिम्पिकला गेला असे आजवर झालेले नाही. महिला संघ तर एकदाही गेलेला नाही.

पॅरिसच्या वेळी आपला रस्ता दमास्कसमध्ये संपला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे आशियाची पूर्वपात्रता स्पर्धा झाली. सहा संघ होते आणि पुढे जायला एकालाच वाव होता. बहरीन गेला. बहरीनलाही पुढे सान हुआनला सहा संघांची आणखी एक स्पर्धा जिंकायची होती, तेव्हा कुठे पॅरिस. म्हणजे ऑलिम्पिकच्या दाराशी पोहोचण्याआधीच्या फेरीतही आपण तग धरू शकलो नाही. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा रस्ताही २०२७च्या कतार विश्वचषकाकडून जातो. त्याच्या पात्रता फेरीत आपल्याला लेबनॉन, सौदी अरेबिया आणि कतार यांच्या गटात टाकले आहे. हे संघ बलाढ्य आहेत, पण ते अमेरिका किंवा सर्बिया नव्हेत. त्यांच्याशी बरोबरीने खेळणे आवाक्याबाहेरचे मानायचे कारण नाही.

असे मी भाबडेपणाने म्हणत नाही. जुलै २०१४ मध्ये वुहानला फिबाच्या आशियाई स्पर्धेत आपण चीनला चीनमध्येच ६५-५८ असे हरवले होते. विशेष भृगुवंशी, अमज्योत सिंग, अमृतपाल सिंग यांची ती पिढी आणि प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंग. त्याच स्पर्धेत अमज्योत आणि अमृतपाल यांना पगडी उतरवून खेळायला लावले गेले. पगडी घालू न देणारा तो नियम फिबाने २०१७ मध्ये बदलला. ऑगस्ट २०२५ मध्ये जेद्दाला आशिया चषकात याच फ्लेमिंग यांच्या हाताखाली आपण जॉर्डनशी खेळलो. जॉर्डन म्हणजे २०२३चा विश्वचषक खेळलेला संघ. चाळीस मिनिटे संपली तेव्हा बरोबरी होती. ओव्हरटाइममध्ये ९१-८४ असे हरलो. मग चीन आणि सौदीशीही हरलो आणि परत आलो.

तो जॉर्डनचा सामना ज्यांनी पाहिला त्यांना आपल्या पोरांत काय आहे हे सांगावे लागणार नाही. काय नाही, ते मात्र आपण उघडपणे बोलत नाही. मी ते एका खेळीवरून सांगतो.

समोरचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन वर येतो. शॉट टाकायची मुदत दाखवणाऱ्या शॉट क्लॉकवर बारा सेकंद आहेत. त्यांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, येऊन आपल्या गार्डला पडदा देतो, म्हणजे त्याची वाट अडवून उभा राहतो. ही साधी पिक अँड रोल. आता आपल्या दोघांना अर्ध्या सेकंदात ठरवायचे असते. माणसे अदलाबदल करायची, की उंच खेळाडूने दोन पावले पुढे येऊन चेंडू अडवायचा आणि परत धावायचे? आपला सेंटर समजतो अदलाबदल, गार्ड समजतो सेंटर अडवून परत धावणार. दोघेही चेंडूवर जातात. त्यांचा सेंटर मोकळा बास्केटकडे धावतो, त्याला अडवायला कोपऱ्यातला आपला तिसरा खेळाडू आत येतो आणि कोपरा उघडा पडतो. फिबाच्या कोर्टवर तिथून तीन गुणांची रेषा ६.६० मीटरवर, समोरच्यापेक्षा जवळ. पास कोपऱ्यात जातो आणि तीन गुण लागतात. प्रेक्षकांना वाटते, कोपऱ्यातल्याने आपला माणूस सोडला. चूक त्याची नसते, पडद्यापाशी दोघांची गफलत झालेली असते. कुणी आळशी नव्हते, कुणी घाबरलेही नव्हते. ते दोघे एकत्र पुरेसे सामने खेळलेले नव्हते, एवढेच. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये पाय ताजे असतात तोवर धावून हे झाकता येते. चौथ्यात झाकता येत नाही. आपले किती सामने चौथ्या क्वार्टरमध्ये हातातून सुटले ते महासंघाच्याच नोंदींत पाहावे.

हे शिबिराने सुटणार नाही. राष्ट्रीय खेळाडूचे वर्ष कसे जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तो बहुधा रेल्वेत, सेनादलात, ओएनजीसीत, इंडियन ओव्हरसीज बँकेत किंवा आयकर खात्यात नोकरीला असतो. या संस्थांनी भारतीय बास्केटबॉल जगवले आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मोठे आहेत. पण नोकरी म्हणजे लीग नव्हे. सिनिअर नॅशनल्समध्ये आठवडाभर रोज सामना, गुडघ्याला बर्फ लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे. मग फेडरेशन कप, काही निमंत्रितांच्या स्पर्धा, आंतरविभागीय सामने. त्यात एकतर्फी सामने खूप, अटीतटीचे थोडे. मधे महिनेच्या महिने मोकळे जातात. मग पात्रता फेरी जवळ येते, शिबिर लागते, बारा जणांची नावे जाहीर होतात आणि तीच पोरे वर्षभर व्यावसायिक लीग खेळून आलेल्या लेबनॉनसमोर उतरतात. दोन आठवड्यांच्या शिबिरात दम वाढतो, खेळी पाठ होतात. दोघांमधला तो अर्ध्या सेकंदाचा अंदाज तिथे तयार होत नाही.

लीगचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. २०१५ मध्ये यूबीए लीग आली, २०१७ नंतर थांबली. २०२२ मध्ये महासंघाच्या पाठबळावर आयएनबीएल आली, सहा संघांनी ती खेळली. २०२५ मध्ये पंचविशीच्या आतल्या खेळाडूंसाठी तिचीच आणखी एक आवृत्ती झाली. प्रत्येक वेळी काही चांगले हाती लागले आणि प्रत्येक वेळी पुढचा मोसम कधी हे खेळाडूला माहीत नव्हते. अशा अनिश्चिततेत कुठला शहाणा मुलगा पक्की नोकरी सोडून व्यावसायिक खेळाडू होईल? दहावीला सहा फूट चार इंचांचे, सुरेख हात असलेले पोर माझ्याकडे येते आणि बारावीनंतर खेळ सोडते, तेव्हा त्याच्या वडिलांना समजावायला माझ्याकडे एकही आधार नसतो.

ज्यांना मोठे व्हायचे होते त्यांना देश सोडून जावे लागले. सतनाम सिंग चौदाव्या-पंधराव्या वर्षी फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. अमज्योत जपानमध्ये आणि मग अमेरिकेच्या विकास लीगमध्ये खेळला, अमृतपाल ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून. प्रिन्सपाल सिंग त्याच विकास लीगच्या, म्हणजे जी-लीगच्या, इग्नाइट संघात गेला. एकेकट्याने परदेशात झगडून शिकलेले हे खेळाडू शिबिरात एकत्र येतात तेव्हा प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

दक्षिण सुदानचे उदाहरण हल्ली फार दिले जाते, म्हणून दोन शब्द. २०११ मध्ये जन्मलेला हा देश २०२३च्या विश्वचषकात आफ्रिकेतला सर्वोत्तम ठरून पॅरिसला गेला आणि तिथे प्वेर्तो रिकोला हरवले. पॅरिसआधी लंडनला झालेल्या सराव सामन्यात अमेरिकेला त्यांनी एका गुणापर्यंत आणले होते. या सगळ्यामागे लुओल डेंग. २०१२ मध्ये ब्रिटनकडून ऑलिम्पिक खेळलेला हाच माणूस पुढे दक्षिण सुदानच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याने स्वतःचे पैसे घातले, जगभर पांगलेल्या आपल्या मुलांना फोन करून गोळा केले. तो मार्ग आपल्याला तसाच घेता येत नाही, कारण भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. कॅनडा, अमेरिका, ब्रिटनमध्ये वाढलेली भारतीय वंशाची कितीतरी मुले चांगल्या पातळीवर खेळतात, पण ती आपल्या हाती नाहीत. फिबा प्रत्येक संघाला नागरिकत्व बदलून आलेला एक खेळाडू घेऊ देते. जपान, जॉर्डन, लेबनॉन, फिलिपिन्स सगळे ती मुभा वापरतात. आपण नाही. यावर सरकारशी बोलणे महासंघाचेच काम आहे आणि ते जोर लावून व्हायला हवे. तरीही माझा आग्रह तिथे नाही. एक खेळाडू बाहेरून आला तरी उरलेले अकरा इथेच घडायचे आहेत.

महिला संघाबद्दल मी अधिक कळकळीने लिहितो, कारण तिथे संधी जास्त होती आणि दुर्लक्षही जास्त झाले. गीतू ॲना जोस, प्रशांती सिंग आणि तिच्या बहिणी यांनी या खेळाला चेहरा दिला. जुलै २०१७ मध्ये बेंगळुरूत आपल्या मुलींनी आशिया चषकाचा ब गट जिंकला आणि अव्वल गटात पोहोचल्या. तिथे जपान, चीन, ऑस्ट्रेलिया समोर होते. २०१९ मध्ये पुन्हा बेंगळुरूतच स्पर्धा झाली आणि आपण शेवटचे आलो. २०२१ मध्ये अम्मानला पुन्हा शेवटचे आलो आणि ब गटात परतलो. २०१७ ते २०२१ या चार वर्षांत या मुलींना मोसमभर चालणारी लीग मिळाली नाही. वर चढलेल्या संघाला वर टिकायला जे लागते ते आपण दिलेच नाही. उंचीचे कारण कुणी सांगू नये. टोकियोत रौप्यपदक जिंकलेला जपानचा महिला संघ त्या स्पर्धेतल्या कमी उंचीच्या संघांपैकी होता. वेग, तीन गुणांचे शॉट आणि एकमेकींच्या हालचालींची पाठ झालेली ओळख यांवर तो अंतिम फेरीत गेला.

थ्री-एक्स-थ्रीचा, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलचा पर्याय आहे, हे मला ठाऊक आहे. लॉस एंजेलिसमध्ये त्याचे आठऐवजी बारा संघ असतील. जरूर प्रयत्न करावा. पण त्याचे खेळाडू, त्याचे प्रशिक्षक, त्याचे वर्षभराचे दौरे वेगळे हवेत. पाच-पाचच्या शिबिरातून उरलेल्यांना तिकडे पाठवून ते साधणार नाही.

आता मागणी. पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लीग. कमीत कमी पाच मोसमांची हमी असलेली, पुरुषांची आणि महिलांची, दोन्ही एकाच वेळी जाहीर झालेली. संघ सहाच असले तरी चालतील, झगमगाट नसला तरी चालेल. प्रत्येक संघाला मोसमात तीसेक सामने मिळाले पाहिजेत आणि पुढचा मोसम कधी सुरू होणार हे चालू मोसम संपण्याआधी खेळाडूला कळले पाहिजे. रेल्वे, सेनादल, बँका यांच्याशी बसून असा करार करा की खेळाडू लीग खेळत असतानाही त्याची नोकरी आणि बढती शाबूत राहील. नोकरी की खेळ, हा प्रश्न एकविसाव्या वर्षी कुणाला सोडवायला लावू नका.

राष्ट्रीय प्रशिक्षकाला एक पूर्ण ऑलिम्पिक चक्र द्या. फ्लेमिंग २०१२ मध्ये आले, चीनला हरवले, २०१५ मध्ये गेले आणि आता परत आले आहेत. मधल्या काळात दुसरे प्रशिक्षक, दुसरी पद्धत, दुसरे कर्मचारी. एक पराभवाचे वर्ष सोसायची तयारी महासंघाने आताच लेखी दाखवावी.

आणि घरातली भांडणे कोर्टाबाहेर ठेवा. २०१५ मध्ये महासंघाचे दोन गट पडले, दोन निवडणुका झाल्या आणि खरा महासंघ कोणता हे फिबाला ठरवावे लागले. त्या काळात शिबिरात कुणाचे पत्र घेऊन जायचे हे खेळाडूंनाच कळत नव्हते. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने कार्यकारिणीत खेळाडूंना जागा दिली आहे. त्या जागांवर नुकतेच निवृत्त झालेले, चौथ्या क्वार्टरमध्ये कोर्टवर उभे राहिलेले खेळाडू आणा. त्यांना मत द्या आणि त्यांचे ऐका.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या पत्रातल्या लीगच्या मुद्द्यावर चर्चा घ्यावी आणि पुढच्या दोन वर्षांचे वेळापत्रक, पुरुष आणि महिला दोघांचेही, तारखांसह जाहीर करावे ही विनंती. ते वेळापत्रक आले की मी त्याची एक प्रत माझ्या प्रत्येक खेळाडूच्या आईवडिलांना देणार आहे.

आपला विश्वासू,
शालेय संघांचा एक प्रशिक्षक